खासगी यानाने ओलांडलेली अंतराळाची सीमा

२१ जून २००४ रोजी सकाळी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या मोहावी विमानतळावरून ‘व्हाइट नाइट’ नावाचे एक विमान पोटाखाली ‘स्पेसशिपवन’ हे छोटे यान घेऊन उडाले. तासाभराने, सुमारे १४ किलोमीटर उंचीवर, हे यान विमानापासून सुटले. त्याची रॉकेट मोटर पेटली आणि काही मिनिटांत ते १००.१२४ किलोमीटर उंचीवर पोचले. यानात एकच माणूस होता : ६३ वर्षांचे चाचणी वैमानिक माइक मेलव्हिल. तोपर्यंत माणसाला अंतराळात पाठवणे तीनच देशांच्या सरकारांना साधले होते. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाला आणि अमेरिकेला, तर २००३ मध्ये चीनला. स्पेसशिपवन मात्र एका खासगी कंपनीने, खासगी पैशावर बांधले होते. अशा यानातून अंतराळाची सीमा ओलांडणारे मेलव्हिल हे पहिले मानव ठरले.

हे उड्डाण अर्ध्या तासाहून कमी काळात संपले. यानाने पृथ्वीला प्रदक्षिणा घातली नाही, ते कोणत्याही अंतराळस्थानकाला जोडले गेले नाही. तरीही अंतराळ-प्रवासाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी या उड्डाणाचा प्रकार समजून घ्यावा लागतो.

उपकक्षीय उड्डाण म्हणजे काय

पृथ्वीचे वातावरण एखाद्या ठरावीक उंचीवर एकदम संपत नाही, ते हळूहळू विरळ होत जाते. म्हणून अंतराळाची सुरुवात कोठे मानायची, हे संकेताने ठरवावे लागते. विमानविद्येतील विक्रमांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संघटना १०० किलोमीटर उंची ही सीमा मानते. थिओडोर फॉन कारमान या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला कारमान रेषा म्हणतात. अमेरिकेत ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर, ही सीमा मानण्याची पद्धत आहे.

ही सीमा ओलांडणे आणि पृथ्वीभोवती फिरत राहणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पृथ्वीजवळच्या कक्षेत टिकून राहण्यासाठी यानाला सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर इतका आडवा वेग लागतो. उपकक्षीय यान असा वेग गाठतच नाही. ते जवळजवळ सरळ वर जाते, मोटर बंद झाल्यावरही मिळालेल्या वेगामुळे काही काळ चढत राहते, सर्वोच्च बिंदूला पोचते आणि गुरुत्वाकर्षणामुळे परत खाली येते.

ऊर्जेच्या हिशेबात हा फरक स्पष्ट दिसतो. एक किलोग्रॅम वस्तू १०० किलोमीटर उचलायला सुमारे १० लाख जूल ऊर्जा लागते. तीच वस्तू कक्षेत ठेवायची, तर केवळ तिच्या आडव्या वेगासाठी सुमारे ३ कोटी जूल खर्च होतात, म्हणजे तीस पट. परतताना ही सारी ऊर्जा वातावरणातच सोडून द्यावी लागते. त्यामुळे कक्षेतून येणाऱ्या यानाला प्रखर उष्णता सोसणारे कवच अत्यावश्यक असते, तर उपकक्षीय यानाला फारच कमी उष्णता सोसावी लागते. लहान कंपनीने माणसाला अंतराळात न्यायचे ठरवले, तर तिच्या आवाक्यातला मार्ग हाच होता.

अशा उड्डाणात येणाऱ्या वजनरहित अवस्थेबद्दल एक गैरसमज नेहमी आढळतो. १०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण नाहीसे होत नाही. जमिनीवरच्या तुलनेत ते जेमतेम ३ टक्क्यांनी कमी असते. मोटर बंद झाली आणि हवेचा विरोध नगण्य झाला, की यान आणि आतली माणसे एकाच त्वरणाने गुरुत्वाकर्षणाखाली जात असतात. आसन माणसाला वर रेटत नाही, म्हणून वजन जाणवत नाही. यान अजून वर चढत असतानाच ही अवस्था सुरू होते आणि दाट हवेत परत शिरेपर्यंत टिकते. स्पेसशिपवनमध्ये तिचा काळ साधारण साडेतीन मिनिटांचा होता.

माणसाने असे उड्डाण प्रथमच केले असेही नव्हते. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड यांचे पंधरा मिनिटांचे उड्डाण उपकक्षीयच होते. अमेरिकी सरकारचे एक्स-१५ हे रॉकेट-विमान १९५९ ते १९६८ या काळात १९९ वेळा उडाले. तेही मोठ्या विमानाखाली टांगून वर नेले जाई आणि तिथून सोडले जाई. त्याच्या दोन उड्डाणांनी १०० किलोमीटरची सीमा ओलांडली. २२ ऑगस्ट १९६३ रोजी जो वॉकर यांनी त्यातून गाठलेली सुमारे १०८ किलोमीटरची उंची पुढे चाळीस वर्षे विक्रम म्हणून टिकून राहिली. स्पेसशिपवनच्या निर्मात्यांनी हा इतिहास बारकाईने अभ्यासला होता.

एक कोटी डॉलरचे बक्षीस

१९१९ मध्ये न्यूयॉर्कमधील हॉटेल-व्यावसायिक रेमंड ऑर्टेग यांनी न्यूयॉर्क आणि पॅरिसदरम्यान न थांबता उडणाऱ्या वैमानिकाला २५ हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग यांनी ते जिंकले आणि त्यानंतर नागरी विमानवाहतुकीत भांडवलाचा ओघ वाढला. हेच सूत्र अंतराळाला लावण्याची कल्पना पीटर डायमँडिस यांना सुचली. मे १९९६ मध्ये सेंट लुइस शहरात त्यांनी ‘एक्स प्राइझ’ जाहीर केले. इराणमध्ये जन्मलेल्या उद्योजिका अनुशेह अन्सारी आणि त्यांचे दीर अमीर अन्सारी यांच्या देणगीमुळे २००४ मध्ये त्याला ‘अन्सारी एक्स प्राइझ’ हे नाव मिळाले.

बक्षीस एक कोटी डॉलरचे होते. अटी थोड्या, पण काटेकोर होत्या. यानात तीन माणसांची सोय हवी. त्यांपैकी वैमानिकाखेरीज दोघांच्या जागी तेवढे वजन ठेवले तरी चालेल. यानाने १०० किलोमीटर उंची गाठून सुखरूप परतावे, आणि तेच यान दोन आठवड्यांच्या आत पुन्हा तसेच जाऊन यावे. सरकारी पैसा वापरू नये. मुदत २००४ च्या अखेरीपर्यंत होती. सात देशांतील २६ गटांनी नावे नोंदवली.

या अटींतली दुसऱ्या उड्डाणाची अट सर्वांत महत्त्वाची होती. एकदाच वापरून फेकून द्यायचे रॉकेट तिच्यामुळे बाद झाले. ज्याची देखभाल स्वस्त आणि झटपट होईल, असेच यान बांधणे भाग पडले.

बर्ट रुटान आणि मोहावीचा कारखाना

स्पेसशिपवनचे रचनाकार बर्ट रुटान यांचे नाव विमानविश्वात आधीपासूनच आदराने घेतले जात होते. हौशी लोकांना घरी बांधता येतील अशा हलक्या विमानांच्या आराखड्यांपासून त्यांनी सुरुवात केली. त्यांनी रचलेल्या ‘व्हॉयेजर’ विमानाने डिसेंबर १९८६ मध्ये वाटेत न थांबता आणि इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याला नऊ दिवस लागले. त्यांचे बंधू डिक रुटान आणि जीना येगर हे त्याचे वैमानिक होते. कार्बनचे तंतू आणि इपॉक्सी राळ यांपासून बनवलेले हलके, मजबूत संमिश्र पदार्थ ही रुटान यांची खासियत. १९८२ मध्ये त्यांनी मोहावी येथे ‘स्केल्ड कंपोझिट्स’ ही कंपनी स्थापन केली होती.

मोहावी हे वाळवंटातले छोटे गाव. आकाश बहुधा निरभ्र, वस्ती विरळ आणि हवाई दलाचा एडवर्ड्‌स तळ जवळच. नव्या विमानांच्या चाचण्यांसाठी याहून सोयीची जागा मिळणे कठीण. याच गावातल्या कारखान्यात थोड्या अभियंत्यांनी आणि कारागिरांनी यान, त्याचे वाहक विमान, सराव-यंत्र आणि नियंत्रण-कक्ष असा सारा संच उभा केला. मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनी त्यासाठी सुमारे अडीच कोटी डॉलर दिले. बक्षिसाची रक्कम याच्या निम्म्याहूनही कमी होती. तेव्हा हा केवळ बक्षिसासाठी मांडलेला डाव नव्हता, हे उघड आहे.

प्रकल्प १८ एप्रिल २००३ पर्यंत गुप्त ठेवण्यात आला. त्या दिवशी यान आणि वाहक विमान दोन्ही तयार अवस्थेतच जगापुढे आले. पैसा ॲलन यांचा आहे, ही गोष्ट तर आणखी काही महिन्यांनी जाहीर झाली.

यानाची रचना

स्पेसशिपवनची लांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे लहान खासगी विमानाएवढी. पुढच्या भागात जेमतेम दीड मीटर व्यासाचा कक्ष, त्यात पुढे वैमानिकाचे एक आसन आणि मागे दोन. एका मोठ्या काचेऐवजी कक्षाला लहान लहान गोल खिडक्या होत्या. मोठ्या काचेला आधार देणारी चौकट जड झाली असती. लहान गोल खिडक्यांमुळे कवचाची मजबुती टिकली आणि क्षितिजाचा तुकडा वैमानिकाला सतत दिसत राहिला. कक्षात हवेचा दाब राखलेला असे आणि खिडक्यांना दुहेरी तावदाने होती. त्यामुळे वैमानिकाला दाबाचा पोशाख घालावा लागत नसे, तो साध्या उड्डाण-पोशाखात बसे.

यानाचे नियंत्रण तीन प्रकारांनी होई. वेग कमी असताना वैमानिकाच्या हातातला दांडा थेट शेपटीवरच्या हलत्या पृष्ठांना जोडलेला असे. ध्वनीच्या वेगापलीकडे हवेचा जोर इतका वाढतो, की हातच्या बळाने ही पृष्ठे हलवता येत नाहीत, तेव्हा विजेच्या मोटरी ते काम करत. हवाच नसलेल्या उंचीवर दाबाखालचा वायू बारीक तोट्यांमधून सोडून यान वळवले जाई. वैमानिकाच्या जागी निर्णय घेणारा संगणक यानात नव्हता. समोरच्या पडद्यावर माहिती दिसे, पण यान चालवायचे ते माणसानेच.

यानाची मोटर संकरित प्रकारची होती. नेहमीच्या घनइंधन रॉकेटमध्ये इंधन आणि ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन देणारा पदार्थ एकत्र मिसळलेले असतात. एकदा पेटले की ते विझवता येत नाही. द्रवइंधन रॉकेटमध्ये ते वेगळे असतात, पण त्यासाठी पंप, नळ्या आणि झडपांची गुंतागुंत लागते. स्पेसशिपवनमध्ये इंधन म्हणून घट्ट रबर होते आणि ते ज्वलनकक्षाच्या आतल्या भिंतीवर बसवलेले होते. ऑक्सिजन देणारा पदार्थ होता नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दंतवैद्य भूल देण्यासाठी वापरतात तोच वायू. टाकीत तो द्रवरूपात भरलेला असे आणि स्वतःच्याच दाबाने बाहेर येई, त्यामुळे पंपाची गरज नसे. झडप उघडून ठिणगी दिली की मोटर सुरू, झडप मिटली की बंद. वैमानिकाला कोणत्याही क्षणी मोटर थांबवता येणे ही सुरक्षिततेची मोठी हमी होती. या मोटरीचे मुख्य भाग ‘स्पेसडेव्ह’ या कंपनीने पुरवले. उड्डाणानंतर जळून गेलेल्या रबराचा कक्ष काढून नवा बसवला, की यान पुन्हा सज्ज होई.

‘व्हाइट नाइट’ हे वाहक विमानही विचारपूर्वक रचले होते. दोन जेट इंजिनांचे हे विमान यानाला तासाभरात १४ किलोमीटर उंचीवर नेई. वातावरणाचा बहुतेक भाग या उंचीच्या खालीच असतो. त्यामुळे रॉकेटला दाट हवेशी झुंजावे लागत नसे आणि इंधन वाचे. शिवाय त्याचा वैमानिक-कक्ष स्पेसशिपवनच्या कक्षासारखाच केला होता, म्हणून सरावासाठीही त्याचा उपयोग झाला.

परतीचा प्रश्न

रुटान यांच्या कल्पकतेचा कळस यानाच्या परतीच्या पद्धतीत दिसतो. वर जाणे हा ताकदीचा प्रश्न, तर खाली येणे हा मुख्यतः नियंत्रणाचा. सुमारे १०० किलोमीटरवरून पडणारे यान दाट हवेपर्यंत येईतो ध्वनीच्या तिप्पट वेगाच्या आसपास पोचते. त्या क्षणी ते वाकड्या कोनात असेल, तर हवेचा दाब त्याचे तुकडे करू शकतो. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी एक्स-१५ नेमक्या अशाच अवस्थेत गिरक्या घेत खाली आले, हवेतच मोडले आणि वैमानिक मायकेल ॲडम्स मृत्युमुखी पडले. त्या विमानाला परतताना कोन अचूक राखावा लागे आणि ती सारी जबाबदारी वैमानिकावर आणि नियंत्रण-यंत्रणेवर असे.

यानाने आपला कोन आपणच सांभाळावा, असा मार्ग रुटान यांनी काढला. स्पेसशिपवनच्या पंखांचा मागचा भाग, त्याला जोडलेल्या शेपटीच्या दोन दांड्यांसह, बिजागरीवर वर दुमडता येई. सर्वोच्च बिंदूजवळ पोचल्यावर वैमानिक कळ फिरवी आणि हवेच्या दाबावर चालणारे दट्टे हा भाग सुमारे ६५ अंशांनी उभा करत. बॅडमिंटनचे फूल कसेही उडवले तरी जड टोक पुढे आणि पिसे मागे करूनच खाली येते. दुमडलेले यानही तसेच आपोआप पोट खाली करून स्थिर होई. वैमानिकाला काही करावे लागत नसे.

याचा दुसरा फायदा तितकाच मोठा होता. पोट खाली करून येणाऱ्या यानाला हवेचा विरोध खूप होतो आणि यान वजनाला हलके असल्याने ते विरळ हवेतच मंदावू लागते. वेग वरच्या वर कमी झाल्यामुळे फारशी उष्णता निर्माण होत नाही आणि जड उष्णतारोधक कवचाशिवाय भागते. वैमानिकावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाचपट भार येई, पण तो थोडाच वेळ. सुमारे १७ किलोमीटर उंचीपर्यंत खाली आले, की पंख पुन्हा सरळ केले जात आणि यान इंजिनाविना तरंगत धावपट्टीकडे येई. आपल्याच विमानतळावर उतरायला त्याला पंधरा-वीस मिनिटे मिळत.

पायरी पायरीने

स्पेसशिपवनचा आकार मुख्यतः संगणकावरील गणितावर ठरवला गेला. विंड टनेलमध्ये त्याच्या प्रतिकृतीच्या महागड्या चाचण्या झाल्या नाहीत. म्हणून प्रत्यक्ष उड्डाणे हीच प्रयोगशाळा ठरली आणि चाचण्यांचा क्रम विशेष काळजीने आखला गेला.

मे २००३ मध्ये यान वाहक विमानाला टांगून, न सोडता, आकाशात फिरवून आणले गेले. ७ ऑगस्ट २००३ रोजी मेलव्हिल यांनी ते प्रथम सुटे करून तरंगत उतरवले. त्याच महिन्यात पंख दुमडण्याची यंत्रणा हवेत वापरून पाहिली. सप्टेंबरच्या एका चाचणीत मुद्दाम वेग कमी केल्यावर यानाचे नाक एकाएकी वर उसळले आणि ताबा जाऊ लागला. मेलव्हिल यांनी यान सावरून उतरवले, पण शेपटीच्या रचनेत दोष आहे हे स्पष्ट झाले. अभियंत्यांनी शेपटीचा एक भाग चक्क फोर्ड कंपनीच्या पिकअप गाडीवर बसवला आणि धावत्या गाडीच्या वाऱ्यात सुधारणा तपासल्या. शेपटी मोठी करून पुढच्याच महिन्यात यान पुन्हा उडाले.

मोटर लावून पहिले उड्डाण १७ डिसेंबर २००३ रोजी झाले. राइट बंधूंच्या पहिल्या विमानोड्डाणाला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षे पूर्ण होत होती. ब्रायन बिनी यांनी मोटर १५ सेकंद चालवली आणि ध्वनीचा वेग ओलांडून सुमारे २०.७ किलोमीटर उंची गाठली. उतरताना डावे चाक मोडले आणि यान धावपट्टीवरून घसरून वाळूत गेले, पण वैमानिकाला इजा झाली नाही आणि यानही दुरुस्त करता आले. ८ एप्रिल २००४ रोजी पीट सीबोल्ड यांनी मोटर ४० सेकंद चालवून ३२ किलोमीटर उंची गाठली. १३ मे रोजी मेलव्हिल ५५ सेकंदांच्या ज्वलनानंतर ६४ किलोमीटरवर पोचले. प्रत्येक वेळी मोटर थोडी अधिक वेळ चालवायची, आणि मधल्या काळात मिळालेली माहिती तपासून पुढचे पाऊल टाकायचे, हा क्रम कोठेही मोडला नाही.

कायद्याची वाटही याच वेळी तयार होत होती. असे यान विमान मानायचे की रॉकेट, हे ठरलेले नव्हते. एप्रिल २००४ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने मानवी उपकक्षीय रॉकेटसाठीचा पहिला परवाना स्केल्ड कंपोझिट्सला दिला. २१ जूनच्या उड्डाणाच्या अगदी तोंडावर मोहावी विमानतळाला अंतराळतळ म्हणून मान्यता मिळाली.

२१ जून २००४

त्या दिवशी पहाटेपासून हजारो लोक धावपट्टीलगत जमले होते. पावणेसातच्या सुमारास व्हाइट नाइट उडाले. त्याचे वैमानिक ब्रायन बिनी होते. सात पन्नासला त्यांनी स्पेसशिपवन सोडले. काही सेकंद यान तरंगले, मग मेलव्हिल यांनी मोटर पेटवली आणि नाक वर उचलायला सुरुवात केली. वाऱ्याचा वेग आणि दिशा उंचीनुसार झपाट्याने बदलत होती. त्या झोताने यान आधी डावीकडे ९० अंशांपर्यंत कलंडले, सावरताना उजवीकडे गेले, आणि मग सरळ होऊन जवळजवळ उभे चढू लागले.

मोटर ७६ सेकंद चालली आणि यानाने ध्वनीच्या २.९ पट वेग गाठला. ज्वलनाच्या अखेरीस खरे संकट आले. शेपटीची पृष्ठे जुळवणारी विजेवरची यंत्रणा नीट चालेनाशी झाली. दोन बाजूंची पृष्ठे वेगवेगळ्या कोनांत राहिली आणि यान ठरलेल्या मार्गावरून ढळले. मेलव्हिल यांनी पर्यायी यंत्रणा चालू करून ताबा मिळवला. त्याआधी मोठा आवाजही झाला होता. मोटरीच्या तोटीभोवतीचे आवरण वाकले होते, पण त्याचा उड्डाणावर परिणाम झाला नाही.

मोटर बंद झाली तेव्हा यान सुमारे ५५ किलोमीटर उंचीवर होते. उरलेली सुमारे ४५ किलोमीटरची चढण त्याने केवळ मिळालेल्या वेगावर पार केली. या शांत काळात मेलव्हिल यांनी खिशातून एम अँड एम्सच्या रंगीत चॉकलेट-गोळ्या काढून मोकळ्या सोडल्या. त्या कक्षात तरंगत राहिल्या. खिडकीतून पृथ्वीची वक्र कडा आणि तिच्यावरचा वातावरणाचा पातळ निळा थर दिसत होता, आणि वर भरदिवसा काळे आकाश होते.

योजलेली उंची सुमारे ११० किलोमीटर होती. मार्ग ढळल्यामुळे यान १००.१२४ किलोमीटरच गाठू शकले, म्हणजे सीमेपलीकडे केवळ १२४ मीटर. मार्ग आणखी थोडा ढळता, तर हे उड्डाण अंतराळाच्या अलीकडेच संपले असते. वातावरणात परत शिरण्याची जागाही बरीच चुकली होती. तरीही दुमडलेल्या पंखांनी यान स्थिर ठेवले, खाली तरंगत येण्याच्या पल्ल्यात विमानतळ होता, आणि सव्वाआठच्या सुमारास मेलव्हिल धावपट्टीवर उतरले. विमानवाहतूक प्रशासनाने त्यांना व्यावसायिक अंतराळवीराचे पहिले पदक दिले.

जल्लोष झाला, पण रुटान यांनी बिघाड लपवला नाही. हा आपल्या कार्यक्रमातला सर्वांत गंभीर दोष असल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले आणि त्याचे कारण सापडेपर्यंत पुढचे उड्डाण केले नाही.

बक्षीस आणि विक्रम

२९ सप्टेंबर २००४ रोजी बक्षिसासाठीचे पहिले उड्डाण झाले. मेलव्हिल १०२.९ किलोमीटरवर पोचले, पण चढताना यान स्वतःभोवती गरगर फिरू लागले आणि २९ वेळा फिरले. अतिवेगात यान ठरावीक कोनात उडवले, की त्याची दिशा-स्थिरता कमी पडते, असे तपासात आढळले. यान न बदलता चढण्याची पद्धत बदलून हा प्रश्न सोडवण्यात आला. ४ ऑक्टोबरला, म्हणजे पाचच दिवसांनी, ब्रायन बिनी यांनी यान गिरक्यांशिवाय ११२ किलोमीटर उंच नेले. बक्षीस जिंकले गेले आणि एक्स-१५ चा ४१ वर्षांचा विक्रमही मोडला. पहिला कृत्रिम उपग्रह ‘स्पुटनिक’ १९५७ मध्ये याच तारखेला सोडला गेला होता.

स्पेसशिपवन त्यानंतर उडाले नाही. मोटर लावून त्याची एकूण सहाच उड्डाणे झाली. २००५ पासून ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान व अंतराळ संग्रहालयात आहे.

नंतरची वीस वर्षे

ब्रिटिश उद्योजक रिचर्ड ब्रॅन्सन यांनी सप्टेंबर २००४ मध्येच हे तंत्रज्ञान घेऊन ‘व्हर्जिन गॅलॅक्टिक’तर्फे प्रवासी नेण्याची घोषणा केली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने खासगी अंतराळ-प्रवासासाठी कायदा केला. प्रवाशाला धोक्याची पूर्ण कल्पना द्यावी आणि त्याची लेखी संमती घ्यावी, हे त्याचे मुख्य तत्त्व. दोन-तीन वर्षांत पर्यटक अंतराळात जातील, अशी तेव्हा अपेक्षा होती.

प्रत्यक्षात वाट लांब आणि दुःखाची निघाली. जुलै २००७ मध्ये मोहावी येथे नायट्रस ऑक्साइडच्या चाचणीत स्फोट होऊन तीन कामगार मृत्युमुखी पडले. नायट्रस ऑक्साइड समजला जातो तितका निरुपद्रवी नाही, हे त्यातून दिसले. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘स्पेसशिपटू’ जातीचे यान चाचणीत मोडले. सहवैमानिक मायकेल अल्सबरी ठार झाले आणि पीट सीबोल्ड जखमी होऊन वाचले. पंख दुमडण्याच्या यंत्रणेचे कुलूप वेळेआधी उघडले गेले होते. परतीला सुरक्षित करणारी यंत्रणा चुकीच्या क्षणी प्राणघातक ठरली. एका माणसाची एक चूक यानाचा नाश करू शकते, याचा विचार रचनेत पुरेसा झाला नव्हता, असा ठपका चौकशीत ठेवण्यात आला.

डिसेंबर २०१८ मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिकचे यान प्रथमच ८० किलोमीटरच्या पुढे गेले. ११ जुलै २०२१ रोजी ब्रॅन्सन स्वतः गेले. त्यांच्यासोबत आंध्र प्रदेशात जन्मलेल्या अभियंत्या सिरिशा बांदला होत्या. नऊ दिवसांनी जेफ बेझोस यांच्या ‘ब्लू ओरिजिन’ने सरळ उभ्या उडणाऱ्या स्वयंचलित रॉकेटने चौघांना १०० किलोमीटरच्या वर नेले. एका आसनाची किंमत लाखो डॉलरच्या घरात राहिली. सामान्य माणसाला परवडणारा अंतराळ-प्रवास अजून दूरच आहे.

खासगी यानांची मोठी झेप दुसऱ्याच वाटेने आली. स्पेसएक्सच्या यानांनी २०२० पासून माणसांना थेट कक्षेत नेले, पण त्यामागे अमेरिकी सरकारची कंत्राटे होती. भारताचे शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात गेले, ते अशाच खासगी बनावटीच्या यानातून. भारतातही २०२० पासून खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले. हैदराबादच्या ‘स्कायरूट’ कंपनीने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘विक्रम-एस’ हे मानवरहित उपकक्षीय रॉकेट यशस्वीपणे सोडले.

म्हणून २१ जून २००४ च्या उड्डाणाचे मोल नेमक्या शब्दांत करायला हवे. त्याने अंतराळ स्वस्त केले नाही आणि कक्षेपर्यंतची वाटही दाखवली नाही. मर्यादित पैसा असलेला, पण कामात शिस्त पाळणारा छोटा गट माणसाला अंतराळाच्या सीमेपलीकडे नेऊन सुखरूप परत आणू शकतो, एवढे मात्र त्याने निर्विवाद सिद्ध केले. परतीचा विचार आधी करणे, एका वेळी एकच पायरी चढणे आणि झालेला बिघाड उघडपणे मान्य करून दुरुस्त करणे या तीन गोष्टींवर हे यश उभे होते. माणसांना घेऊन उडणारे यान बांधू पाहणाऱ्या प्रत्येक कंपनीने, मग ती कोणत्याही देशातली असो, याच तीन गोष्टी आधी शिकाव्यात.